एका पत्रकावर एकच माणूस

४ मार्च, मंगळवार

आज नव्या घरात आलो. सामान अर्धा टेम्पोही भरलं नाही, बारा वाजेपर्यंत सगळं जागेवर लागलं. मिस्त्री मदतीला आला होता. आम्ही दोघं तीस वर्षं एकाच कारखान्यात आहोत. तो सुतारकाम बघतो, मी मापं घेतो. दारातून आत येताना त्याने ठेच लागल्याचं नाटक केलं आणि म्हणाला, उंबरठाच ठेवला नाहीस, आता माणसाने अडखळायचं कशाला? बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

आमचं काम म्हणजे घरं माणसाच्या अंगाला बसवून देणं. कुणाचे गुडघे गेलेले असतात, कुणी चाकाच्या खुर्चीत असतं, कुणाचा एकच हात चालतो. घर बांधणारा एका ठरावीक उंचीच्या माणसासाठी बांधतो आणि तसा माणूस कुठेच नसतो. मग आम्ही जातो.

हे घर मी हिच्यासाठी केलं. ही म्हणजे माझी बायको. आयुष्यभर नावाने हाक मारली नाही, आता वहीत कशाला मारू? शेवटची दोन वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती आणि आमची जुनी जागा तिसऱ्या मजल्यावर. म्हणून ही जागा घेतली, रांगेतलं शेवटचं घर, तळमजला. दारं रुंद केली. दोन खोल्यांमधली भिंत काढून सरकता पडदा-दरवाजा बसवला. ओट्याला लोखंडी पाय आणि खाली हँडल, फिरवलं की वर-खाली होतो. भिंतींवर खाचा पाडलेल्या उभ्या पट्ट्या, फळ्या आणि खुंट्या हव्या त्या उंचीला अडकवता येतात. बाहेरच्या दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. काम ऑगस्टच्या दहा तारखेला संपलं. ही एकोणीसला गेली. किल्ली तेव्हा माझ्या खिशात होती.

सात महिने घर बंद होतं. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहीत तरी जा. ही कामाची वही आहे, अर्धी कोरी राहिली होती. सुरुवातीच्या पानांवर हिच्या हातचे आकडे आहेत, तिकडे मी जात नाही.

स्वयंपाकघरात ऊन येतं. घर चांगलं झालं आहे.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस ओट्याशी वाकून कंबर धरली. ओटा हिच्या मापाला आहे, चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. मला अठ्ठ्याऐंशी लागतो. हँडल फिरवून वर घेतला. खुंट्या आणि फळ्याही वर चढवल्या. अर्ध्या तासाचं काम, पण करून बसलो तेव्हा कुणाची तरी खोली रिकामी करून आल्यासारखं वाटलं.

पत्रक मात्र काढलं नाही. ते काय असतं ते लिहून ठेवतो, लेकीला कधी वाचायला दिली वही तर कळावं. ही आजारी पडण्याआधी बावीस वर्षं माझ्याबरोबर मापं घ्यायला यायची. मी माणसाला भिंतीशी उभं करायचो आणि म्हणायचो, टाचा भिंतीला, समोर बघा, हलू नका. मी आकडा बोलायचो, ही या असल्या वहीत लिहायची. वहीतून मग पत्रकावर उतरवायची आणि प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण करायची. ती खूण म्हणजे माप आम्ही स्वतः घेतलंय, वहीत पडलंय, आता ते पक्कं. खूण नसेल तर कारखान्यात कुणी लाकडाला करवत लावत नाही. काम झालं की पत्रक स्वयंपाकघरातल्या पहिल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. पुढे कुणी दुसरा सुतार आला तरी हे घर कुणाच्या अंगाला बसवलंय ते त्याला कळतं.

आणि एका पत्रकावर एकच माणूस. नव्याचं माप घ्यायचं तर आधी जुनं पत्रक काढायचं. एकदा कुणीतरी नवरा-बायकोची मापं एकाच कागदावर घेतली आणि बेसिन अशा उंचीला बसलं की दोघांपैकी एकालाही तोंड धुता येईना. मिस्त्री अजून ती गोष्ट सांगतो, दर वेळी बेसिन थोडं आणखी वर जातं.

हिचं पत्रक हिनेच लिहिलं. मी मापं घेतली, ही खुर्चीत बसून स्वतःचे आकडे लिहीत होती. मध्येच म्हणाली, एवढीशीच उरले का मी.

८ मार्च, शनिवार

आंघोळ करून आलो तर ओटा खाली. मोजला. चौऱ्याहत्तर.

हँडलच्या दात्याची पकड सैल असेल. वर घेतला, पाचर ठोकली.

११ मार्च, मंगळवार

पाचर कोपऱ्यात नीट ठेवलेली सापडली. ओटा चौऱ्याहत्तर. खुंट्या, फळ्या, आरसा, सगळं पुन्हा हिच्या मापाला आलंय.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने ओट्याखाली आडवं होऊन सगळं बघितलं. म्हणाला, सैल असता तर सत्तरवर जाऊन आपटला असता, बरोबर चौऱ्याहत्तरला कशाला थांबेल? मग उठून हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. झोपेत चालतोस का रे, म्हणाला. मी म्हटलं, माहीत नाही, मी झोपलेलो असतो. त्याने कपाट उघडलं, पत्रक बघितलं आणि दार हळूच लावलं. ते काढ, म्हणाला. तुला नियम मी सांगायचा का?

मी हो म्हटलं आणि काढलं नाही. आज खरं लिहितो, मला बरं वाटलं. हिची चाकाची खुर्ची ओट्याशी ओढली, तिच्यात बसून चहा केला. बसल्यावर सगळं हाताला येतं. साखर, चमचा, खिडकीची खिट्टी. मी घर खरंच चांगलं केलं होतं. दुपारी खुर्चीतच डोळा लागला, सात महिन्यांत लागला नव्हता असा.

आता मी काही वर चढवत नाही. राहू दे.

१४ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन. महिनाअखेरीला येते म्हणाली, तीस तारखेला, रविवारी. नातीला घेऊन. आठ दिवस राहतील.

नातीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहत नाही. साडेचार वर्षांची आहे. मी तिला दोनदा पाहिलं. हिने एकदाही नाही. फोनवर बघायची तेवढंच, आणि फोनवरही भिंगरी चौकटीतून पळून जायची. ही दर वेळी लेकीला म्हणायची, एकदा आण गं तिला, नव्या घराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ मारायची आहे, दर वर्षी एक. लेक म्हणायची, आणते आई. कधी सर्दी, कधी शाळा, कधी जावयाची सुट्टी. मी लेकीला दोष देत नाही. ही मात्र शेवटच्या आठवड्यात भिंतीकडे बघत बोटाने हवेत रेघा मारायची.

भिंगरीसाठी एक छोटं टेबल आणि पलंग करावा असं मनात आलं. लेकीकडून फोनवरच मापं घेतली. तिने कपाटाला टेकवून मोजलं, अंदाजे घ्या म्हणाली, कार्टी हलते. उंची एकशे तीन, कोपर एकसष्ट, हात वर केला तर एकशे अठरा. ही वही आतल्या खोलीत होती आणि मी ओट्याशी. कपाट उघडून हिच्या पत्रकाखाली कोरी जागा होती तिथे पेन्सिलीने लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की असं करत नाहीत. पण फोनवरची मापं आहेत, खूण तर केली नाही.

१७ मार्च, सोमवार

कारखान्यातून आलो. ओटा सत्तरच्याही खाली गेलाय. तो सत्तरच्या खाली जाऊच शकत नाही, पाय तेवढेच आहेत. मोजला, पन्नास. पाय कापलेले नाहीत. जमिनीत रुतलेले नाहीत. पाय आखूड आहेत, जणू असेच बसवले होते. रंगही तोच, खालचे रबरी बूटही तेच.

शेवटी शेवटी ही आकसत गेली होती. दर महिन्याला उशी एक थर वाढवावी लागायची. मला वाटलं, अजूनही आकसते आहे का. जमिनीवर बसून चहा प्यालो आणि रडलो.

१९ मार्च, बुधवार

दिव्याचं बटण खाली आलंय. खुंटी समजू शकतो, फळी समजू शकतो. बटण भिंतीत गाडलेलं असतं, मागे वायर असते. जिथे होतं तिथे भिंत सपाट आहे. हात फिरवला, टाचणीएवढाही खड्डा नाही. गिलाव्याचं काम मी इतकी वर्षं बघतोय, जुना रंग आणि नवा रंग कधी असा मिळत नाही.

बाहेरच्या दाराची खालची कडी मोजली. एकसष्ट.

२० मार्च, गुरुवार

एकसष्ट. सकाळी दाढी करताना आठवलं. आरशात फक्त माझी हनुवटी दिसत होती, मी गुडघ्यावर बसलो होतो, आणि आठवलं. एकसष्ट हे भिंगरीचं कोपर. सगळ्यात वरची फळी एकशे अठराला आहे.

ही आकसलेली नाही. ही नातीसाठी घर लावते आहे.

माझा जीव भांड्यात पडला. वेडेपणा आहे हे कळतं, पण पडला. ही असती तर हिने असंच केलं असतं, पाहुणी यायच्या आधी सगळं तिच्या हाताला येईल असं. दिवसभर कारखान्यात हसतमुख होतो. मिस्त्री म्हणाला, काय रे, लॉटरी लागली का?

२२ मार्च, शनिवार

कपाट उघडलं. माझ्या पेन्सिलीच्या अक्षरांखाली आणखी ओळी आहेत. हिच्या अक्षरात. हिच्या तीनची शेपटी खाली ओढलेली असते, ती मी कुठेही ओळखेन.

वय साडेचार, १०३. वय पाच, १०३. वय सहा, १०३. वय सात, १०३. आठ, नऊ, दहा. कागद संपेपर्यंत. दर वर्षी एक. प्रत्येक ओळीत १०३. वय वाढतं, उंची वाढत नाही.

एकाही आकड्यापुढे खूण नाही.

बराच वेळ दार उघडं धरून उभा होतो. हिला खूण केल्याशिवाय चालायचं नाही. माणूस समोर आल्याशिवाय, भिंतीला टाचा लावल्याशिवाय, आकडा वहीत पडल्याशिवाय हिने कधीही खूण केली नाही. मी घाई केली तरी नाही. माणूस यायची वाट बघायची.

भिंगरीला इथे आणायचं नाही.

२३ मार्च, रविवार

लेकीला फोन केला. येऊ नका म्हटलं. का, म्हणाली. घर अजून लागलेलं नाही म्हटलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच तर पलंगाचं माप घेतलं. मी म्हटलं ओल आहे, भिंगरीला खोकला होईल. ती म्हणाली मिस्त्रीकाकांशी बोलणं झालंय, ओलबिल काही नाही, पण तुमचं काही ठीक दिसत नाही असं ते म्हणाले.

 आईला दाखवायला आणली नाही म्हणून आता तुम्ही मला असं करताय का, म्हणाली. तसं असेल तर सरळ सांगा, मी ऐकून घेईन. मी म्हटलं तसं नाही गं.  ती म्हणाली, तिकिटं काढली आहेत, येणार आम्ही, तुम्ही दारात उभं नाही केलंत तरी येणार.

मागे भिंगरी कसलंसं गाणं म्हणत गोल गोल फिरत होती. पावलांचा आवाज येत होता.

२४ मार्च, सोमवार

पत्रक काढायला बसलो. एक कोपरा सुटला. पुढे हात गेला नाही. कागदाने अडवलं नाही, मीच. त्याच्यावर हिच्या हातचं शेवटचं अक्षर आहे. तेवढंच आहे माझ्याकडे. कोपरा पुन्हा दाबून बसवला.

मिस्त्रीला बोलावलं, म्हटलं तू काढ. दारातून आत येताना त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं. तो माझ्याहून चार बोटं बुटका आहे. या चौकटीतून मी स्वतः उंच माणसाला ताठ जाताना पाहिलंय. त्याने हात लावून बघितलं, वर बघितलं. या वेळी थट्टा केली नाही. कपाटापाशी आला, पत्रक वाचलं, खालपर्यंत वाचलं. म्हणाला, हे माझ्याच्याने होणार नाही. ज्याने चिकटवलं त्याने काढायचं. आणि तू ते आज काढ, लेकरू यायच्या आत. जाताना ओणवा होऊन बाहेर पडला.

२५ मार्च, मंगळवार

काढलं. सगळं. पाण्याने भिजवून, पत्र्याने खरवडून. चुलीवर धरलं आणि जाळलं. जळताना एकशे तीनच आधी गेले असं म्हणायला आवडेल. हिची स्वतःची मापं आधी गेली.

२६ मार्च, बुधवार

प्लायवर आकडे आहेत. कागदाखालून दाबून लिहिल्यासारखे. पॉलिश पेपर मारला. भुसा पडला. खालच्या थरातही आहेत. तिसऱ्या थरातही. प्लायला पाच थर असतात. पाचवा थर फाटून पलीकडे भोक पडलं तेव्हा थांबलो.

कपाटाच्या दुसऱ्या दारावर, आतून, १०३.

२७ मार्च, गुरुवार

कामावर गेलो नाही. एक सुचलं ते केलं.

दुसऱ्या दारावर उमटलेल्या भिंगरीच्या सगळ्या ओळींवर काट मारली. बाजूला माझं माप लिहिलं. भिंतीला टाचा लावल्या, समोर बघितलं, हललो नाही. उंची एकशे अडुसष्ट, कोपर एकशे चार. आधी वहीत लिहिलं, मग तिथे उतरवलं. पुढे खूण केली. खाली ओळी आखल्या. वय त्रेसष्ट, १६८. वय चौसष्ट, १६८. दार भरेपर्यंत. हिला कुणीतरी हवंय ना सोबत. मी आहे.

दुपारी ओटा अठ्ठ्याऐंशी. बटण वर. चौकट वर, हात उंच केला तरी लागत नाही. जमिनीवर बसून हसलो.

२८ मार्च, शुक्रवार

सगळं हाताला येतं. कप उचलायला हात पुढे केला की कप तिथेच. खुर्ची पाठीला अशी बसते की उठावंसं वाटत नाही. मिस्त्रीचा फोन वाजला. घेतला नाही, फोन तेवढा लांब होता.

बाहेर जाऊन लेकीला स्टेशनवरूनच परत पाठवायचं ठरवलं होतं. आज दोनदा दारापर्यंत गेलो. कडी हाताला इतकी बरोबर बसते. धरून उभा राहतो आणि मग परत येऊन बसतो. का ते आठवत नाही.

संध्याकाळी. आता दिसलं. प्रत्येक भिंतीवर तीन खुंट्या आहेत. एक माझ्या उंचीची. एक हिची. एक एकसष्टला. बटणं तीन. बाहेरच्या दाराला कड्या तीन. मी मारलेली काट खोडरबराने पुसली आहे, खाली भुसा पडलाय रबराचा. चूक झाली की ही अशीच पुसायची.

मला घेतलं. भिंगरीलाही सोडलं नाही. घर तिघांना बसलंय.

लेकीचं माप कुठेच नाही.

२९ मार्च, शनिवार

बाहेर गाडी थांबली. उद्या यायच्या होत्या. मिस्त्रीने कळवलं असेल.

तिन्ही कड्या लावल्या आहेत. पाठ लावून बसलोय दाराला. वही मांडीवर.

लेक ठोठावते आहे. बाबा म्हणते. मी उत्तर देत नाही. चिडून जाईल. जाऊ दे —

रडते आहे. मी इथेच आहे गं. जा तू.

खाली पत्रं टाकायची फट आहे. तिथून भिंगरीचा श्वास ऐकू येतो. बोलते आहे. माझ्याशी नाही.

लेकीने विचारलं, कुणाशी गं बोलतेस. आजी आहे म्हणाली. आजी म्हणते, टाचा लाव दाराला.

लेक पुन्हा ठोठावते आहे.

भिंगरीची पावलं ऐकू येत नाहीत. ती कधीच अशी उभी राहत नाही, कधीच, गोल फिर बाळा, फिर —

मी ओरडलो. घेऊन जा तिला, ओरडलो. आवाज घरात राहिला. या दारांना रबर मीच बसवलं, बाहेरचा गोंगाट हिला नको म्हणून.

खालची कडी निघाली. माझ्या कोपराला लागून. मी धरली नव्हती का —

मधली.

वरची माझ्या हातात आहे. एका हाताने लिहितो. का लिहितो. पेन्सिल खाली ठेवायची आहे, बोटं सुटत नाहीत. पेन्सिल बोटांना इतकी बरोबर —

कळलं. पूर्वी मी बोलायचो आणि ही लिहायची. आता ही बोलते आहे. कानाशी. माप घेतलं म्हणते. लिहा म्हणते. वहीत पडलं की —

नाही लिहिणार. इतकी वर्षं कधी हिला नाही म्हटलं नाही. नाही. फिर गं बाळा, टाच उचल, एकदा —

हात चालतो आहे माझा — उंची — एकशे ती